हातगुण माझा नव्हे

दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, "सिस्टर, तुमच्या मिशनच्या दवाखान्यात प्रार्थनेने बरे झालेले पेशंट तुम्ही पाहिले असतीलच. एखादा चमत्कार लिहा ना." मी म्हटलं, चमत्कार हवा असेल तर दुसरीकडे विचारा. मी नर्स आहे. सगळी नोकरी नागपुरातल्या एकाच दवाखान्यात झाली, त्यातली शेवटची बरीच वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात. तिथे मी चमत्कार पाहिले नाहीत, हात पाहिले. त्यांच्याबद्दल लिहू का? संपादक "बरं" म्हणाले. आता बरं म्हणालेत, तर छापायलाही हवं.

हातांबद्दल का, ते आधी सांगते. माझे वडील आमच्या चर्चमध्ये एल्डर होते, म्हणजे पाळकसाहेबांच्या बरोबरीने मंडळीचं सुखदुःख बघणाऱ्यांपैकी एक. कुणी आजारी पडलं की चार घरची माणसं संध्याकाळी त्याच्याकडे प्रार्थनेला जायची. आमच्यात आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याच्या डोक्यावर किंवा खांद्यावर हात ठेवतात. खोली लहान आणि माणसं फार असली, तर ज्याचा हात आजाऱ्यापर्यंत पोहोचत नाही तो पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याच्या मागचा त्याच्या खांद्यावर, असं करत दारापर्यंत. लहान असल्यामुळे मी कायम दारात. एकदा परतताना मी बाबांना कुरकुरत म्हटलं, "माझा हात तर शेजारच्या काकूंच्या पाठीवर होता. त्यांना कुठे काय झालंय?" बाबा म्हणाले, "त्यांना काही झालेलं नाही. पण तू पोहोचलीस की." मला तेव्हा ते नुसतं समजूत काढणं वाटलं होतं.

बाबा आणखी एक सांगायचे. प्रभू येशूने कितीतरी जणांना नुसत्या शब्दाने बरं केलं, काहींना तर दुरूनच. पण ज्या कुष्ठरोग्याच्या वाऱ्यालाही लोक उभे राहत नसत, त्याच्याकडे मात्र हात पुढे केला आणि त्याला शिवला. शब्दाने काम झालं असतं, तरी शिवला. बाबांच्या मते रोग नंतर गेला. आधी तो माणूस माणसांत परत आला. मी नर्सिंगला गेले ती हे डोक्यात घेऊन. तिथे पहिल्याच महिन्यात बेडपॅन उचलताना ते डोक्यातून पार उडालं आणि पुढे हळूहळू परत आलं.

आता हातगुणाचं. आपल्याकडे डॉक्टरच्या, सुईणीच्या हाताला गुण असतो म्हणतात, तसा माझ्या हाताला आहे अशी बोलवा झाली होती. सीताबर्डीचे एक कापडवाले शेठ इंजेक्शनसाठी यायचे. बाकीच्या मुली मोकळ्या बसलेल्या असल्या तरी ते बाकावर हातात टोपी धरून बसून राहायचे. "करुणा सिस्टरच टोचतील." प्रीती सिस्टर आमच्यातली सगळ्यांत धाकटी, ती मुद्दाम सुई भरून त्यांच्यासमोरून फिरायची आणि शेठ भिंतीकडे तोंड वळवायचे. मला हे आवडायचं. का आवडू नये? पण त्यात गुपित असं काही नव्हतं. हात गार असेल तर तो आधी चोळून गरम करायचा आणि टोचण्यापूर्वी पेशंटच्या दंडावर थोडा वेळ नुसता ठेवायचा. बाईमाणूस असो की शेठजी, दंड सैल पडतो. मग सुई कळत नाही. ठेवलेल्या हाताबरोबर मी मनात एक वाक्य प्रार्थनेचं म्हणायची, ते माझ्यासाठी. मोठ्याने मात्र कधीच नाही. कुणी मागितल्याशिवाय प्रार्थना ऐकवायची नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम. हल्ली तर आम्ही बाटवू या भीतीने काही नातेवाईक आमच्या हातांऐवजी ओठांकडेच बघत असतात.

तशीच एक आजी आली. मौद्याकडच्या एका खेड्यातली अनुसयाबाई. शेतकरी घर, धानाची थोडी जमीन. तिची सून मनीषा दिवस भरायच्या खूप आधीच बाळंत झाली. रक्तदाब भलता वाढून तिला झटके आले होते, म्हणून तिला मोठ्या सरकारी दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात हलवलं. तिची आई तिच्यापाशी राहिली. बाळ आमच्याकडे. मुलगी. एवढीशी, की माझ्या तळहातावर डोकं आणि मनगटाच्या जरा मागे पाय. नाव नाही; आमच्या वॉर्डात बाळांना आईच्या नावाने ओळखतात, म्हणून ती 'मनीषाची'.

आजीने आल्या आल्या मला बजावलं, "सिस्टर, पोरीच्या डोक्शावर हात ठेवून काही मंतरगिंतर म्हणू नका. आमचे देव हायेत आमच्यापाशी. म्या रामटेकच्या रामाले नवस बोलून ठेवला हाये."

"आजी, तुमच्या रामाला सांगा लक्ष ठेवायला. मी माझ्या देवाला मनातल्या मनात सांगते. ओठ हलले तर मला धरा. पण हात ठेवावाच लागेल, त्याशिवाय बाळाचं काम होत नाही. हाताची हरकत आहे का?"

"हाताची काहून राहील? तुमच्या हाताले गुण हाये म्हणे."

म्हणजे हात चालत होता, प्रार्थना चालत नव्हती. माझ्या लेखी ती दोन नव्हतीच, पण मी वाद घातला नाही. त्यानंतर म्हातारी काचेबाहेर बसून खरंच माझ्या ओठांवर नजर ठेवून असायची. मी पानसुपारी खात नाही ते बरं.

आता थोडं आमच्या कामाचं. दिवसांआधी आलेल्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, ऊब धरता येत नाही. पूर्वी अशा बाळाला काचेच्या पेटीत ठेवायचे आणि घरच्यांना बाहेर. आता पेटी आहेच, पण बाळ जरा सावरलं की टोपी आणि लंगोट घालून त्याला उघड्या छातीवर उभं धरतात, छाती आणि पोट माणसाच्या कातडीला लावून, वरून कापडाने बांधून. कांगारू म्हणतात त्याला. ऊब मिळते, वजन धरतं, छातीतले ठोके ऐकून बाळाचा श्वासही नीट चालतो. कारण ही बाळं श्वास घ्यायलाच विसरतात. झोपेत थांबतात, निळी पडतात. त्या वेळी पहिलं औषध म्हणजे हात. पाठीवरून चोळायचं, तळपायाला टिचकी मारायची. बहुतेक वेळा तेवढ्याने आठवण होते आणि श्वास सुरू होतो. नाहीच झाला तर मग तोंडावर धरून श्वास द्यायचा हवेचा फुगा आणि बाकी सगळं.

मनीषाचीचं वजन घटत चाललं होतं. श्वास विसरणंही वाढलेलं. बालरोगाच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, हिला रोज तासन् तास छाती हवी, नाहीतर ही हातची जाईल. आई बेशुद्ध. आजीला जुनाट खोकला, म्हणून मॅडमनी तिला बाळाजवळ येऊ दिलं नव्हतं. राहिला एकटा बाप. रोशन त्याचं नाव. औष्णिक वीज केंद्रात ठेकेदाराकडे कोळशाच्या कामावर होता. नखांत काळी रेघ, खांदे रुंद, आवाज अजिबात नाही. येऊन काचेपाशी उभा राहायचा आणि हात पाठीमागे बांधून ठेवायचा.

मी आजीला सांगितलं, तर ती उठूनच उभी राहिली. "त्याच्याजोळ नको! दुसरं काहीही करा, त्याच्या हाती पोरगी देऊ नका."

"बाप आहे तो."

"मी माय हावो त्याची, मले नका सांगू. त्याच्या हाताले यश नाही. पहिला पोरगा त्याच्याच हातात गेला. तवापासून पेरणीची पयली मूठबी मी त्याले टाकू देत नाही."

रोशन तिथेच उभा होता. मान खाली. आईला त्याने अडवलंही नाही. मला त्या म्हातारीचा इतका राग आला की मी मांजरपाटाच्या घड्या उगाच मोडून पुन्हा घालत बसले. आणि तिचा काय दोष म्हणा, तिचाही नातूच गेला होता.

मी रोशनला व्हरांड्यात घेऊन गेले. तो म्हणाला, "माय खोटं नाही बोलत, सिस्टर. पोरगा तापानं फणफणला होता. मी उचलून गाडीवर मागं बसलो, मित्र चालवून राहिला होता. निम्म्या रस्त्यात थंडा पडला. मले समजलंच नाही. मी तसाच धरून बसलो होतो."

"शेवटपर्यंत?"

"दवाखान्यात त्यायनं घेतला तवा सोडला."

"रोशन, त्याला तापाने नेलं. तुझा हात शेवटपर्यंत त्याच्या सोबत होता. काही बाळांना तेवढंही मिळत नाही रे. आमच्या पेटीत एकटी जातात ती."

तो रडला नाही, पण त्याने भिंतीला हात टेकला. मला वाटलं, झालं. कसलं झालं! "तरी भेव वाटते," म्हणाला, "तुम्हीच घ्या ना तिले." परत काचेपाशी आले, तर आजीचंही तेच. "सिस्टर, तुमच्या हाताले गुण हाये. तुम्हीच छातीशी धरा नं बाप्पा. मी तुमच्या पाया पडतो."

खरं सांगायचं तर मोह झाला. मी घेतलं असतं, बाळ सावरलं असतं, तर माझ्या हातगुणाची कीर्ती मौद्यापर्यंत गेली असती. पण वॉर्डात दुसरीही बाळं होती. आणि समजा मी सगळं सोडून हिलाच धरून बसले, तरी ही घरी कुणाच्या हातात जाणार होती? ज्या बापाने हिला शिवायचं नाही, ज्याच्या हाताची घरभर भीती, त्याच्या घरात? मी आजीला म्हटलं, "मग मी काय तुमच्याकडे राहायला येऊ? हे बाळ त्याचं आहे. त्याच्याच छातीवर जाईल." हट्ट हा माझा जुना रोग आहे. त्या दिवशी तो कामाला आला.

"काही झालं तर तुमच्यावर," आजी म्हणाली.

"माझ्यावर," मी म्हटलं.

रोशनला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, नखं ब्रशने घासायला लावली. मग आधी पेटीच्या खिडकीतून एकच बोट आत घालायला सांगितलं. मनीषाचीने ते मुठीत धरलं. अशी मूठ सगळीच बाळं मिटतात; कुणाचंही बोट चालतं, पेनसुद्धा. मी हे त्याला सांगितलं नाही आणि त्यात मला काही गैरही वाटत नाही. तो हळूच म्हणाला, "जोर हाये इले." मग शर्ट काढून खुर्चीत रेलायला लावलं. बाया काचेतून बघताहेत म्हणून तो लाजून अर्धा झाला. मी बाळ त्याच्या छातीवर ठेवलं, वरून ओढणीसारखं कापड गुंडाळलं. तो दगडासारखा बसला, छातीसुद्धा हलेना.

"अरे, तू तर श्वास घे! तू घेतलास तर ती घेईल."

दोनतीन दिवस असे गेले. तो शिफ्ट करून येई, आंघोळ करून बसे. हात मात्र बाळाला लावायचा नाही, दोन्ही खुर्चीच्या दांड्यांवर. छाती दिली होती त्याने, हात दिला नव्हता. मी सांगायची, पाठीवर हात ठेव. तो हसल्यासारखं करायचा आणि ठेवायचा नाही.

मग एका दुपारी बाळ थांबलं. श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र ओरडलं, मी वळले, तर टोपीखालचा चेहरा राखेच्या रंगाचा. रोशनने ते कापडातून उपसून माझ्यापुढे धरायला सुरुवात केली. "घ्या! सिस्टर, घ्या, घ्या!" काचेबाहेर आजी ओरडली. प्रीती हवेचा फुगा घेऊन माझ्या खांद्याशी पोहोचली होती, म्हणून मी ते धाडस केलं, हे सांगायला हवं. मी बाळ घेतलं नाही. त्याला होतं तिथेच दाबून धरलं, रोशनचा उजवा हात पकडून बाळाच्या पाठीवर ठेवला आणि त्याच्या हातावर माझा हात ठेवून चोळायला लागले. "चोळ. वर, खाली. जोरात, मरत नाही ती. चोळ!" त्याचा हात नुसता पडून होता, मला माझ्या हाताने तो चालवावा लागत होता. प्रीतीने फुगा तोंडाशी आणला, तेवढ्यात मनीषाचीने एक आचका दिला आणि श्वास घेतला. मग आणखी एक. मग चिडून रडली, मांजराच्या पिलासारखं. त्या वॉर्डात रडण्याइतका गोड आवाज दुसरा नाही.

माझा हात त्याच्या हातावरच होता. लहानपणी दारात उभं राहून काकूंच्या पाठीवर ठेवलेला हात कुठे पोहोचतो, ते मला तेव्हा कळलं. बाबा तोवर गेले होते. ते असते तर मी त्याच दुपारी रिक्षा करून घरी गेले असते आणि त्यांना सांगितलं असतं.

बाहेर गेले तर आजी काचेला चिकटून उभी होती. "पाह्यलं म्या. तुमचाच हात होता."

"आजी, माझा हात बाळाला लागलासुद्धा नाही. मध्ये तुमच्या पोराचा हात होता."

"तुमच्या हाताचा गुण त्याच्यातून गेला."

"बरं, गेला. मग थांबला कुठे? त्याच्याच हातात ना?"

  तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्या ओठांकडे न बघता बाकावर जाऊन बसली.

पुढे बाळ एकदा असंच थांबलं तेव्हा मी वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला एका जुळ्यापाशी होते. यंत्र ओरडलं म्हणून धावले. पोहोचेपर्यंत रोशनचा तो काळ्या रेघांचा पंजा बाळाच्या सगळ्या पाठीवर पसरून चालत होता, वर, खाली, आणि यंत्र गप्प झालं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "विसरली होती," एवढंच म्हणाला. हात काढला नाही. त्या दिवसापासून तो खुर्चीच्या दांडीवर गेलाच नाही.

वजन हळूहळू चढायला लागलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर आले, तर आजीला खोकल्याची उबळ आली होती, बाकावर वाकून गेली होती. रोशन डबा खाली ठेवून तिची पाठ चोळत होता, आतमध्ये शिकला तशीच. तिने अंग चोरलं नाही. उबळ गेल्यावरही वाकूनच बसली, त्याने आणखी चोळावं म्हणून. मी तशीच पुढे गेले. देवाचे आभार मानले, ओठ न हलवता.

मग मनीषा आली. शुद्धीवर येऊन बरेच दिवस झाले होते, पण मूत्रपिंडाच्या त्रासामुळे तिकडून सोडत नव्हते. हडकून गेलेली, हाताला सुयांच्या निळ्या खुणा, चालताना तिच्या आईचा आधार. तिने आपल्या लेकीला पाहिलंच नव्हतं. मी तिला खुर्चीत बसवलं, बाळ तिच्या छातीवर दिलं. बाळाने डोकं इकडे तिकडे केलं आणि टाहो फोडला. वास वेगळा, ठोके वेगळे. त्याला काय ठाऊक ही आई. मनीषाने थोडा वेळ धरलं, मग तिचे हातच गळाले. "माह्यापाशी नाही राहत थे," ती म्हणाली. "मले ओळखतच नाही. घ्या, सिस्टर, तुम्ही घ्या."

माझे हात सवयीने पुढे गेले. इतक्या वर्षांत असं रडणारं बाळ मी कधी कुणाकडे राहू दिलं नव्हतं.

"राहू द्या, सिस्टर," रोशन म्हणाला.

तो खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. बायकोचा तो सुयांनी काळानिळा झालेला हात त्याने उचलला, बाळाच्या पाठीवर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. "घाबरू नको वं. दाबू नको, नुसता ठेव. थोडा वेळ रडते, मंग तिले समजते." त्याचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आजी काचेबाहेर उभी होती. 

बाळ रडत होतं. मग कमी रडलं. मग हुंदके देत देत गप्प झालं. रोशनने आपला हात हळूच काढून घेतला. खाली मनीषाचा एकटीचा हात राहिला आणि बाळ झोपून राहिलं.

माझे हात अजून तसेच पुढे होते. मी ते खाली घेतले.